डावीकडे वळणाऱ्या बाया

कॉलेज आमच्यासाठी नव्हतंच. मरोळच्या आमच्या चाळीतून त्याची गच्ची दिसायची आणि तिथली मुलं आमच्या नाक्यावर भजी खायला यायची, एवढाच संबंध. पण शहाऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, पहिली टर्म संपून दुसरी सुरू व्हायच्या आत, कॉलेजने आसपासच्या वस्तीसाठी दहा दिवसांची शिबिरं काढली. गेटवरच्या फळ्यावर लिहिलं होतं: बाटिक, इस्त्रीची दुरुस्ती, प्रथमोपचार आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'महिलांसाठी सायकल'. मी नाव घातलं. वय एक्केचाळीस. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मला हौस नव्हती, गरज होती. आमचे हे, सहदेव, लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. संपात गिरणी गेली आणि हे एका सोसायटीत वॉचमन झाले. मी जेवणाचे डबे करून द्यायला लागले, पण चाळीत डबे घेणारे असे कितीसे असणार? तेवढ्यात इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका लहान कारखान्याचा सुपरवायझर शिवदास म्हणाला, "आठ माणसांचे डबे हवेत. साडेबाराला भोंगा होतो. त्याच्या आधी डबे आत पाहिजेत. दिवाळी झाली की सोमवारी एक दिवस तुम्हाला बघतो. नाही जमलं तर दुसरी बाई तयार आहे."

आमच्या नळाला पाणी यायचं नवाला. त्यानंतर स्वयंपाक, म्हणजे डबे भरून होईपर्यंत बारा. कारखाना चालत पाऊण तास. आता सांगा, सायकल शिकले नसते तर काय उडत गेले असते?

"तुका सायकल जमतली?" हे म्हणाले. "माका तर आत्ताच तुझो पदर चाकात गेलेलो दिसता."

मी पदर कमरेला खोचून दाखवला आणि निघाले.

आम्ही पंधरा जणी होतो. शिकवायला कॉलेजच्या खेळाच्या जयंतीबाई, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी दुकानातून भाड्याने लेडीज सायकली आणल्या होत्या. मैदानात चुन्याने आखलेला धावायचा गोल होता, त्यावरून आम्हाला फिरवायच्या. कट्ट्यावर पाय टेकून सायकलवर बसायचं, मागून कुणीतरी धरायचं, आणि मग चुन्याच्या रेघेवरून गोल गोल. माझी शेजारीण मालन दुसऱ्या दिवशी गुलमोहरावर आदळली. चौथ्या दिवशी तिला मागून धरावं लागेना. मी सहाव्या दिवशी शिकले. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी धरलेलं नव्हतं आणि मी जात होते, कानात वारा भरत होता. माझं लग्न झालं तेव्हाही मी इतकी खुश नव्हते, हे यांना सांगितलेलं नाही.

दहाव्या दिवशी, रविवारी, समारोपाची फेरी होती. आरे कॉलनीत जायचं, झाडाखाली बसून थंड दूध प्यायचं आणि परत यायचं. जयंतीबाई सगळ्यांत पुढे. कॉलेजच्या गेटातून बाहेर पडून त्या उजवीकडे वळल्या. त्यांच्या मागून मी आले, आणि माझी सायकल डावीकडे गेली. मी गेले तशी मालन गेली, आणि मालनच्या मागून बाकीच्या तेरा. हँडल उजवीकडे वळवायला गेलं की छातीत धस्स व्हायचं आणि हात आपोआप उलटीकडे ओढायचे. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. डावीकडे, डावीकडे, डावीकडे करत कॉलेजच्या भिंतीला वळसा घालून आम्ही होतो तिथे गेटात परत आलो. बाई एकट्याच आरेच्या दिशेने निघून गेल्या होत्या.

वीस मिनिटांनी त्या परत आल्या, घामाघूम. आम्ही कट्ट्यावर बसलो होतो.

"अहो, तुम्ही गेलात कुठे?"

"उजवीकडे वळता येत नाही, बाई," मालन म्हणाली.

बाई कपाळाला हात लावून कट्ट्यावर बसल्या. धावायच्या गोलावर मुलं कायम डाव्या हाताला वळत धावतात. बाईंनी उभा जन्म तसंच धावून घेतलं होतं, त्यामुळे आम्हालाही दहा दिवस त्याच दिशेने फिरवलं. आपण अर्धीच सायकल शिकवतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्या हसायला लागल्या, आणि पंधरा बाया त्यांच्याबरोबर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी सोडून. माझा सोमवार उद्यावर आला होता.

संध्याकाळी त्याच दुकानातून सायकल भाड्याने आणली, उजवीकडे वळायला गेले आणि चार वेळा पडले. उतरून सायकल ढकलावी म्हटलं, तर भरलेल्या सायकलवर पुन्हा बसायला कट्टा हवा, वर धरणारं माणूस हवं. एकटीने उतरले तर सायकल कलंडून आमटी रस्त्यावर. शेवटी मी आणि मालनने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रस्ता काढला. नेहमीच्या रस्त्याने गेलं तर दोन उजवी वळणं होती. आम्ही चर्चच्या मागून, गोठ्यावरून असा लांबचा, पण सगळा डावीकडचा रस्ता शोधला. त्या रस्त्याने कारखान्याचं गेटही डाव्याच हाताला येत होतं.

"झकास," मालन म्हणाली. "कोण म्हणतं उजवीकडे जायलाच पाहिजे?"

सोमवारी बाराला मालनने सायकल धरली, मी ओट्यावरून चढले. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत चार-चार डबे. चर्च झालं, गोठा झाला, म्हशींनी वाट दिली. आणि शेवटच्या रस्त्याच्या तोंडाशी बघते तर टेलिफोनवाल्यांनी तो आडवा खणून ठेवलेला. मी पुढची गल्ली धरली, पुन्हा डावीकडे, आणि कारखान्याच्या रस्त्यावर उलट्या टोकाने आले. आता गेट उजव्या हाताला.

गेटात शिवदास मनगटावरचं घड्याळ बघत उभा होता. मी त्याच्यासमोरून सरळ निघून गेले. 'धरा' म्हणायला तोंड उघडेपर्यंत पुढे पोचले होते. गल्लीत डावीकडे वळले, वळसा घातला, पुन्हा त्याच रस्त्यावर आले. शिवदास आता रस्त्याकडे बघत होता. मी पुन्हा त्याच्यासमोरून गेले. आतून दोन कामगार बाहेर येऊन उभे राहिले. मला रडू फुटायच्या बेतात होतं. आठ डबे करून, एवढे पेडल मारून, अन्न दारावरून वरातीसारखं फिरवत होते.

तिसऱ्या वळशाला शिवदासने हात वर केला. "बाई, राहू दे. तुमच्याच्याने होणार नाही. मी त्या दुसऱ्या बाईला सांगतो."

माझं डोकंच फिरलं. तुमच्याच्याने होणार नाही? सकाळपासून उभी आहे मी. मी वळून त्याच्याकडे बघितलं, चांगलं डोळे वटारून, आणि म्हणाले, "कोण म्हणतो होणार नाही? समोर येऊन बोल."

बोलायला वळले तशी डोळ्यांबरोबर मान वळली, मानेबरोबर हात उजवीकडे वळले आणि सायकल सरळ त्याच्या अंगावर गेली. तो बाजूला उडाला. मी गेटातून आत शिरले आणि कामगारांनी दोन्हीकडून हँडल धरलं. माझे पाय जमिनीला लागले आणि वर भोंगा वाजला.

एका डब्यातून थोडी आमटी सांडली होती, बाकी सगळं शाबूत. आठही जण तिथेच बाकावर बसले. शिवदास अंगावरची धूळ झटकत आला, दुसऱ्याच्या डब्यातला बांगड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. जेवणाऱ्याचा हात दुसऱ्यांदा डब्यात गेला की मला बाकीचं कळतं. मला फार फार बरं वाटत होतं. संपानंतर आमच्या घरात एवढं बरं कुणालाच वाटलं नव्हतं.

"उद्या याल?" त्याने विचारलं.

"येईन. पण गेट उजवीकडे आहे तुमचं."

"मग?"

"मग काय. साडेबाराला दारात उभे राहा," मी म्हटलं, "आणि मी दिसले की काहीतरी वाईट बोला."