कापायची रेघ

मित्रांनो, मी वॉर्डातला एक जुना सलाईनचा स्टँड आहे. मला दोन आकडे आणि पाच चाकं आहेत. त्यातलं एक चाक अडतं, म्हणून मला ओढताना सगळे नाक मुरडतात.

कारखान्यात मला जोडताना ठिणग्या उडाल्या, तेव्हा मला काही वाटलं नाही. नवा होतो तेव्हा सिस्टर म्हणायच्या, "तो चकचकीत आणा." पुढे चाक अडायला लागलं आणि माझी रवानगी फरशी पुसायच्या बादलीशेजारी झाली. आकड्यांवर ओली फडकी वाळू लागली. त्याचंही काही वाटलं नाही. लोखंडाला काय वाटणार!

एके दिवशी बाकीचे स्टँड अडकलेले होते, म्हणून मला बाहेर काढलं. खाटेवर एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय बधिर झाले होते. मशीनच्या मोडक्या सुईचा तुकडा पायाच्या करंगळीत घुसला आणि चार दिवस त्यांना पत्ताच नव्हता. आता पाय लालबुंद, टम्म सुजलेला, लाली नडगीवर चढलेली. गळ्यातला टेप तसाच घेऊन आले होते. तो माझ्या एका आकड्यावर टांगला, दुसऱ्यावर औषधाची बाटली.

सिस्टरने लालीच्या कडेने निळ्या पेनाने रेघ ओढली. डॉक्टर मास्तरांना म्हणाले, "शिरेतून दिलेलं औषध रक्तात लगेच पोचतं. सुजलेल्या कातडीखाली किती पोचतंय, ते कळायला वेळ लागतो. उद्या लाली रेघेच्या आत आली, तर पोचलं म्हणायचं."

मास्तर तापाच्या ग्लानीत होते. यातला एक शब्दही त्यांच्या कानावर गेला नाही.

दुपारी ताप उतरला. त्यांनी पाय पाहिला आणि चेहराच उतरला. चाळीस वर्षं आधी खडूची रेघ, मग कात्री, हेच त्यांनी केलं होतं.

"अगं, खूण करून ठेवलीय. इथून कापणार."

"काहीतरीच काय बोलता!" नुकतीच डबा घेऊन आलेली बायको म्हणाली.

"मला रेघ कळत नाही होय?"

त्यांनी टेप काढून पाय किती उरणार ते मोजलं. गुडघ्याच्या वाटीखाली पाच इंच. मग ओल्या टॉवेलने रेघ घासून घासून पुसून टाकली. मी बघत उभा होतो. बाटलीतून थेंब पडत होते.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "रेघ कुठंय?"

मास्तर म्हणाले, "मी पुसली. कापायची होती ना ती?"

डॉक्टर खाटेवर बसले. रेघ कशाची, ते त्यांनी तेव्हा कुठे सांगितलं. "आता लाली चढली की उतरली, कसं ओळखू? चढली असेल, तर आजच पाय चिरावा लागेल."

"काल पाच इंचांवर होती. वाटीखाली."

"नक्की?"

"मापात चुकलो असतो, तर दुकान चाललं असतं का?"

डॉक्टरांनी माझ्या आकड्यावरून टेप घेतला. साडेसहा इंच भरले. लाली उतरत होती. बायको पदर तोंडाला लावून रडली.

करंगळी मात्र काळी पडली. तिथे रक्तच जात नव्हतं, तर औषध कुठून जाणार? चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मास्तर, एवढी काढावी लागेल."

मास्तरांनी करंगळीकडे पाहिलं. पाय बधिर होता आणि आता माणूसही तसाच दिसत होता. मग त्यांनी हात पुढे केला.

"पेन द्या. आधी रेघ मारू."

त्यांनी स्वतः रेघ मारली. डॉक्टरांनी पाहून मान डोलावली.

मी आता पुन्हा बादलीशेजारी आहे. मित्रांनो, माझ्या चाकात तेल घातलं नाही तरी चालेल. घरात कुणाचे पाय बधिर असतील, तर त्यांचे तळवे रोज बघा. आणि कुणाच्या अंगावर रेघ मारलीत, तर ती कशासाठी ते त्याला जागं करून सांगा. मला सगळं ऐकू आलं होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.