सुतकातली माटोळी

मी एक जुनी माटोळी आहे. मित्रांनो, गोव्याबाहेरच्या मुलांना माझं नाव ठाऊक नसेल, म्हणून आधी तेच सांगते. पोफळीच्या रिपा आडव्या-उभ्या बांधून केलेली मी एक चौकट. चवथीला गणपती बसतो, तेव्हा बरोबर त्याच्या डोक्यावर मी टांगलेली असते. रानातली फळं, फुलं, सुपारीचे घोस, नारळांचा घड, सगळं मला बांधतात. त्या दिवसांतला माझा थाट काही विचारू नका! देवाला बघायला आलेली माणसं मान वर करून आधी मलाच बघतात. बाकीचं वर्ष मी तशीच उघडी लोंबकळते आणि पाली-कोळी माझ्यावर संसार थाटतात. 'गरज सरो नि वैद्य मरो' ही म्हण ज्याने काढली, त्याच्या घरी माटोळी असणार.

माझं घर साखळीजवळच्या कारापूरला. मला गुरुदासने केलं. हा पोफळीच्या बागेत राबणारा माणूस. नवं घर बांधलं त्या वर्षी वाऱ्याने पडलेली एक पोफळ चिरून त्याने माझ्या रिपा तासल्या आणि बाहेरच्या खोलीत मला टांगलं. मला बांधायचं सामान त्याने बाजारातून कधी आणलं नाही. लालभडक कवंडळं, कांगलां, घागऱ्या, असली रानातली फळं-फुलं, जे लागेल ते तो रानात हिंडून गोळा करी. बांधायचा तेही कुमयाच्या झाडाच्या सालीने. कुणी नायलॉनची दोरी पुढे केली, की म्हणे, "देवाच्या माथ्यार प्लास्टिक? म्हाका जमचें ना!" या बाबतीत तो हट्टी होता, आणि मला त्याचा हट्ट फार आवडे.

त्याची एकुलती एक मुलगी गौरवी. लहानपणापासून ती बापामागे रानात जाई आणि परत आली की माझ्याखाली बसून आणलेली पानं निवडून ठेवी. तीच पानं ओळखता ओळखता ती वनस्पतिशास्त्र शिकायला विद्यापीठात गेली. आणि एके दिवशी नाचत घरी आली. एक सेमिस्टर पोर्तुगालला जाऊन शिकायला तिची निवड झाली होती. गुरुदास वाड्यावर सगळ्यांना सांगत सुटला, "पोर्तुगीज हांगासून गेले, आनी आतां आमचें चेडूं थंय चल्लें!"

ती गेली तेव्हा चवथ तोंडावर आली होती. बॅग उचलताना तिने बापाला बजावलं, "बाबा, ह्या वर्सा रानांत एकलो वचूं नाका. काकाक घेवन वच."

"व्हय गो बाये," तो म्हणाला.

पण काकाला, म्हणजे गुरुदासच्या धाकट्या भावाला, बाबाजीला, रानात जायच्या दिवशी वेळ नव्हता. गुरुदास एकटाच गेला. कांगलांच्या झुडपाकडे हात लांबवताना ओल्या दगडावरून त्याचा पाय घसरला आणि तो खालच्या ओहोळात पडला. गुरं शोधणाऱ्यांना तो सापडला, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. त्यांनी त्याला घरी आणलं आणि बरोबर माझ्याखाली निजवलं. मी इतकी वर्षं त्याला वर बघतानाच पाहिलं होतं. त्याचे डोळे मिटलेले मला बघवेनात.

गौरवीला कळवायचं की नाही, हे तिथेच ठरलं. गुरुदासची बायको सत्यवती म्हणाली, "तिचो बापूय तो. तिका सांगूंक जाय. एक-दोन दीस थांबूंया. ती येतली."

बाबाजी भिंतीला टेकून उभा होता. भावाबरोबर आपण गेलो नाही, हे त्याला आतून खात असणार. तो म्हणाला, "वयनी, ती आयली जाल्यार परत वचची ना. शिकप थंयच सोंपलें. आनी जल्मभर म्हणत रावतली, हांव आशिल्लें जाल्यार बाबा पडचो नाशिल्लो. परिक्षा जांव दी. मागीर सांगूंया."

'जल्मभर म्हणत रावतली' हे सत्यवतीच्या काळजात बसलं. लेकीच्या डोक्यावर तो भार नको, म्हणून तिने मान हलवली. दोघांच्याही मनात खोट नव्हती, मित्रांनो. म्हणूनच पुढचं सगळं जास्त वाईट झालं.

चवथ आली तेव्हा गुरुदासचं दहावंही झालं नव्हतं. सुतक असलेल्या घरात गणपती आणत नाहीत आणि माटोळी बांधत नाहीत, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं. पण गौरवीने आधीच कळवलं होतं, की चवथीला व्हिडिओ कॉल करा, मला माटोळी बघायची आहे. बाबाजीने साखळीच्या बाजारातून सामान आणलं आणि स्टुलावर चढून मला बांधायला लागला. सत्यवती दारातच उभी राहिली, आत आली नाही. मलाही लाज वाटली. ज्या घरातून माणूस गेला, त्या घरात मी नटले होते. माझ्याखाली देव नव्हता, समई नव्हती, फक्त मोकळी जमीन होती.

बाबाजीने फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर गौरवी हसत होती. "बाबा खंय?" तिने विचारलं. बाबाजी म्हणाला, बाबाला मुरगावच्या बंदरात काम मिळालंय, दिवसरात्र पाळी असते, आत फोन नेऊ देत नाहीत. खोटं बोलायचं तर निदान पचेल असं तरी बोलावं! उभा जन्म बागेत काढलेला माणूस ऐन चवथीला बंदरात कशाला जाईल? पण गौरवीने काही विचारलं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा इतका स्थिर झाला, की बाबाजीला वाटलं रेंज गेली. त्याने फोन बंद केला आणि गेल्या वर्षीच्या गणपतीचा फोटो तिला पाठवून दिला.

मग दर रविवारचा तो प्रकार सुरू झाला. फोनची वेळ झाली, की सत्यवती आतून येई, आरशासमोर उभी राही आणि कपाळावर टिकली लावी. गळ्यात एक काळी पोत अडकवी. मग माझ्याखाली बसून लेकीशी हसून बोले. जेवलीस का, थंडी किती आहे, अभ्यास होतो का. फोन ठेवला, की पदराने कपाळ घासून घासून पुसे. कपाळ लाल होई, तरी ती पुसतच राही. एक बाई आपल्याच घरात चोरून सवाष्ण होत होती, आणि मला खाली बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझ्यावरचं सामान कधीच वाळून गळून गेलं होतं. ते काढायचंही कुणाला सुचलं नाही.

थंडी सरता सरता गौरवी परत आली. त्या दिवशी सत्यवती टिकली न लावता माझ्याखाली बसली होती. बाबाजीने घसा साफ केला.

"काका, सांगूं नाका," गौरवी म्हणाली. "म्हाका खबर आसा. चवथीच्या दिसाच कळ्ळें. माटोळेक निळी नायलॉनची दोरी आशिल्ली. बाबा जिवो आसतो जाल्यार ती दोरी थंय दिसची नाशिल्ली. मागीर हांवें शेजारच्या सिद्धीक फोन केलो. ती रडूंक लागली."

सत्यवतीने विचारलं, "मगे तुवें म्हाका कित्याक सांगलें ना?"

"तूं दर आयतारा टिकली लावन बसताली, आई. ती पुसूंक म्हाका धीर जालो ना."

बाबाजी खाली बसला. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "आनी परिक्षा?"

"परिक्षेक हांव बसलेंच ना. चवथीउपरांत वर्गातूय वचूंक ना. खोलीत बसून रावतालें आनी आयताराची वाट पळयतालें."

मला वाटलं, आता मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडतील. तसं झालं नाही. सत्यवती उठून चुलीकडे गेली आणि गौरवी परसात. दोघी वेगवेगळ्या रडल्या. इतके महिने एकटीने रडायची त्यांना सवय झाली होती, आणि ती सवय अजूनही सुटलेली नाही.

मित्रांनो, मला विचारा, न विचारा, मी लाकडाची आहे. पण तुमच्या घरातलं कुणी शिकायला लांब गेलं असेल आणि मागे काही वाईट घडलं, तर त्याच दिवशी त्याला सांगा. त्याच्या भल्यासाठी म्हणून लपवू नका. तो धावत येईल, त्याचं वर्ष बुडेल. बुडू दे. वर्ष पुन्हा मिळतं. बापाचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं, की ते राहिलंच.