रोमसाठी घेतलेली सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. पण माझे जुनेपण वापरून आलेले नाही, वाट पाहून आलेले आहे. त्याचा वैताग मला आजही आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे मला दुहेरी शिवण घातली गेली, कारण मला डोंगर चढायचे होते. प्रत्यक्षात मी पोहोचले कुवेतला, जिथे डोंगर औषधालाही सापडत नाही. एगैलाच्या एका मॉलमधून सुभाषरावांनी मला घेतले. ते मंगफला राहत, एका कंपनीचे हिशेब पाहत आणि जेवताना रोमबद्दल बोलत. पडक्या कमानी, प्राचीन दगडी रस्ते, सगळे पाठीवर सॅक घेऊन पायी पाहायचे, असा त्यांचा बेत होता.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझे पट्टे आपल्या रुंद खांद्यांना बेतून घेतले. मग दर शुक्रवारी माझ्यात तांदूळ भरून ते समुद्रकाठी चालू लागले. का, तर सराव म्हणून.

"अहो, लोक विचारतात, साहेब घर सोडून निघाले का," त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणायच्या.

"रोममध्ये सात टेकड्या आहेत, मंदा."

"मग लिफ्ट सोडा आणि जिना चढा. तांदूळही आपसूक घरात येतील."

रोम मात्र दर वर्षी पुढे ढकलले जाई. सुट्टी आली की साताऱ्यात कुणाचे तरी लग्न निघे, नाहीतर घराचे छप्पर गळू लागे. मग माझ्यात दूधपावडरीचे डबे, खजूर, अत्तरे आणि बामाच्या बाटल्या कोंबल्या जात. साताऱ्यात नातेवाईक मला रिकामी करून पलंगाखाली ढकलत. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असे. तिथेसुद्धा मला कुणी नेले नाही. काय म्हणावे या माणसांना!

गेल्या वर्षी, निवृत्ती जवळ आलेली असताना, सुभाषराव ऑफिसात कोसळले. ते घरी आलेच नाहीत.

मंदाताईंनी मला पुसले, आत डांबराच्या गोळ्या टाकल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि कपाटावर ठेवून दिले. धो धो पावसात आतले सामान कोरडे ठेवणारी मी, आणि मलाच धुळीपासून जपले जात होते.

त्यांची मुलगी उर्वी कुवेतमध्येच, रुमैथियाला राहते, बँकेत नोकरी करते. एके दिवशी ती आली आणि खुर्चीवर चढून तिने मला खाली काढले.

"आई, रोमची तिकिटं काढलीत. तुझं आणि माझं. ही सॅक नेणार आहे मी."

"ती ह्यांची आहे."

"म्हणून तर."

मंदाताई बराच वेळ प्लास्टिकची घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, "ने. पण पट्ट्यांना हात लावायचा नाही. ह्यांनी लावलेत तसेच राहू देत."

आणि उर्वीने, शिकल्यासवरलेल्या मुलीने, ते मान्य केले!

उर्वी बारीक चणीची. रोममध्ये मी तिच्या खांद्यांवरून घसरून कमरेवर आदळत राहिले. अवशेषांमधल्या खडबडीत रस्त्यावर ती दोन्ही मुठींत पट्टे आवळून वाकून चालत होती. इतक्या वर्षांनी आम्ही तिथे पोहोचलो होतो आणि ती बघत होती काय, तर स्वतःचे बूट. शेवटी ती एका दगडावर बसली आणि मान चोळू लागली.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलायची सवय अगदी बापाची. दे इकडे, मी घेते."

मंदाताई तर तिच्याहून ठेंगण्या. मी त्यांच्या मांड्यांवर लोंबू लागले. चार पावले चालल्या आणि मागे ओढल्या जाऊन थांबल्या. त्यांची बोटे बकलांवर गेली. तिथे पट्ट्याला कायमची घडी पडली होती.

"हे ओढलं तर ह्यांचं माप जाईल गं."

"आई, बाबांचे शर्ट कोण आणायचं?"

"मीच. त्यांना कुठे कळायचं?"

"कधी माप घेऊन गेली होतीस?"

"कधीच नाही. पाठच होतं मला."

 मंदाताईंनी एक पट्टा ओढला, मग दुसरा. मी त्यांच्या पाठीला नीट टेकले. समोरची टेकडी त्या चढल्या. "पडक्या भिंती बघायला एवढी गर्दी," अशी सगळी वाटभर कुरकुर केली. पण वर पोहोचेपर्यंत थांबल्या नाहीत. वर उभे राहून त्यांनी ते अवशेष खूप वेळ पाहिले. उर्वीने डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला पुसा, तिची शिवण उसवली तर पुन्हा घाला, पण तिला कोंडू नका. तिला आपल्या मापाची करून घ्या आणि बाहेर न्या. तेवढ्याने ते माणूस पुसले जात नाही. एवढी साधी गोष्ट कळायला आमच्या घराला थेट रोमला जावे लागले.