खोड आधी, नाव नंतर

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, आणि त्या रविवारी माझ्या पाठीवर अजून नाव नव्हतं.

कारेगावात, सिंधूबाईंच्या खानावळीशेजारी चांगदेव आबांचा गाळा होता. दुपारची वेळ होती. आबांनी मला टेबलावर घेतलं होतं आणि ब्लोअरने माझ्या पोटातली धूळ उडवत होते. त्यांची मुलगी गौतमी दौंडहून आली होती. ती तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. महिन्यातून एखाद्या रविवारी ती यायची आणि वडिलांची लेबलं लिहून द्यायची. तिचं अक्षर चांगलं होतं.

सर्व्हर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. तुमच्या शाळेतल्या संगणकाला पडदा असतो आणि त्याच्यासमोर कोणीतरी बसतं. माझ्यासमोर कोणी बसत नाही. मी चपटी, लांबट, लोखंडी पेटी आहे. मला एका थंड खोलीत मांडणीवर आडवं ठेवतात आणि दार लावून घेतात. मग कितीतरी संगणक तारेवरून मला प्रश्न विचारत राहतात, आणि मी उत्तरं देत राहतो.

रांजणगावच्या एका कारखान्यात मी अशी बरीच वर्षं काढली. कोणत्या मालाचे किती खोके आत आले, किती बाहेर गेले, सगळं माझ्याजवळ असायचं. तिथे माझ्या कपाळावर कागदी पट्टी होती, ‘स्टोअर दोन’. साहेब लोक पाहुण्यांना दाखवताना म्हणायचे, “हा कधीच त्रास देत नाही.” मला त्याचा अभिमान वाटे. पुढे कळलं, की जो त्रास देत नाही त्याच्याकडे कोणी फिरकतही नाही.

मग नवी यंत्रं आली. माझ्या तारा उपसल्या, हार्डडिस्क काढून घेतल्या. मित्रांनो, हार्डडिस्क म्हणजे आमचं नोंदींचं कपाट. मी रिकामा झालो आणि शेडमागे मोडक्या खुर्च्यांत पडून राहिलो. तिथून भंगाराच्या गाडीत आणि गाडीतून आबांच्या गाळ्यात आलो.

आबा पूर्वी त्याच औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीनंतर त्यांनी हा धंदा सुरू केला. जुने सर्व्हर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि ज्यांना नवा परवडत नाही अशा शाळा, दवाखाने, पतसंस्थांना द्यायचे. आमच्यासारख्या जुन्या यंत्राचं नाव हे एक लांबलचक प्रकरण असतं. कंपनी, मॉडेल, कितवी पिढी, प्रोसेसर किती, मेमरी किती, हार्डडिस्कचे कप्पे किती, त्यातले भरलेले किती आणि रिकामे किती. यातला एक तुकडा गाळला तरी घेणाऱ्याच्या दारात भलतंच यंत्र येऊन पडतं. बाजारात तो तुकडा हटकून गाळतात. कप्पे मोजून सांगतात, रिकामे सांगत नाहीत. आणि शेवटी एक शब्द चिकटवतात, ‘नव्यासारखा’.

आबांची रीत निराळी होती. लेबलाची पहिली ओळ खोडीची. कोपरा चेपलेला आहे, पंखा आवाज करतो, झाकणाला गंज आहे. नाव त्याच्या खाली.

“आबा, जगात कोणी खोडीपासून जाहिरात सुरू करत नाही,” गौतमी त्या दिवशीही म्हणाली.

“जगाचं काय जातंय? परत आलेला माल जगाच्या दारात उभा राहतो व्हय? तो माझ्या दारात येतो.” आबा हसले. “माझा बाप बैलबाजारात लोकांचे बैल धरून उभा राहायचा. गिऱ्हाइकानं दात बघायच्या आधीच सांगायचा, ह्यो पाण्याला बुजतो, ह्यो लाथ मारतो.”

“मग?”

“मग काय, बैलाच्या मालकानं पुढच्या बाजाराला बापाला न्हेलाच न्हाई.”

दोघंही हसली. तेवढ्यात गौतमीला मैत्रिणीचा फोन आला. ती माझ्यामागच्या मांडणीआड गेली. आबांच्या ब्लोअरचा आवाज चालूच होता, पण मी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“नाही गं मोनाली, अजून नाही सांगितलं,” ती हळू बोलत होती. “नवऱ्याचं घर सोडून खोलीवर राहते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? हौसेनं लग्न लावून दिलंय त्यांनी. पण आज सांगते. हे एवढं लेबल झालं की सांगतेच.”

ती परत आली आणि पेन घेऊन बसली. आबा माझ्या मागच्या बाजूला वाकले होते. मला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायसाठी दोन खाचा आहेत. एक सप्लाय बंद पडला तर दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं, अशी ती सोय. आबांनी दुसरा सप्लाय खाचेत घातला, काढला, पुन्हा घातला.

“जावईबापू बरं हायत ना?” त्यांनी न वळताच विचारलं.

“बरे आहेत.”

“आन् तू?”

“मला काय झालंय? बरी आहे.”

आबांनी सप्लाय पुन्हा एकदा हलवून पाहिला. मग सप्लाय बाहेर काढून टेबलावर ठेवत म्हणाले, “याला घाईनं लेबल नको. मागं कायतरी हाय. उद्या बघतो. न्हावऱ्याच्या डेअरीला शब्द दिलाय, तवा नीट बघून दिला पायजे. तू नीघ, शिरूरहून दौंडची गाडी चुकंल.”

गौतमीने पेनाला टोपण लावलं. दारात ती थबकली, वळली. आबांनी ब्लोअर पुन्हा सुरू केला होता.

“येते आबा,” ती मोठ्याने म्हणाली. त्यांनी हात हलवला.

सोमवारी शटर उघडलं नाही.

आम्हा यंत्रांना वाट बघणं नवीन नसतं. पण ते वाट बघणं वेगळं होतं. बाहेर खानावळीत भांडी वाजत होती, महामार्गावर ट्रक जात होते. मध्येच सिंधूबाई कोणालातरी रडत सांगत होत्या, “काल संध्याकाळी भाकरी न्हेली हो माझ्याकडनं. सकाळी उठलाच न्हाई माणूस.” मी उघड्या पोटाने टेबलावर पडून होतो. झाडलेल्या माझ्या अंगावर हळूहळू पुन्हा धूळ बसली.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर शटर वर गेलं. गौतमी एकटीच आली होती. तिने खिडकी उघडली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पुसला आणि आबांच्या स्टुलावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने माझ्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

दुपारी शिरूरचा व्यापारी विश्वजीत आला. तो तरुण, बोलका आणि स्वभावाने वाईट नव्हता. आबांच्या आठवणी काढताना त्याचा आवाज खरोखरच जड झाला. मग तो कामाचं बोलला.

“ताई, सगळा माल मी उचलतो. तुम्हाला दौंडहून कुठं हेलपाटे घालायचे? फक्त एक करा. आबांच्या गाळ्याचं नाव मला वापरू द्या. लेबल मी लावतो.” त्याने खिशातून चकचकीत स्टिकरांची गुंडाळी काढली. त्यावर आधीच छापलेलं होतं, ‘नव्यासारखा’. “हा डेअरीचा आहे ना? याला एक पिढी पुढची लिहू. सप्लाय दोन.”

“दुसरा चालतो का, ते आबांनी बघितलं नव्हतं,” गौतमी म्हणाली.

“चालू केला की समोरचा दिवा हिरवा लागतो ना? मग झालं! मागं वाकून कोण बघतंय?” तो हसला. “अहो ताई, लग्नाच्या बायोडाट्यात तरी माणूस खरं लिहितं का?”

गौतमीने मान खाली घातली. तिचा चेहरा मात्र मला दिसला. विश्वजीतलाही दिसला असावा, कारण तो उगाच घसा खाकरून म्हणाला, “बघा विचार करून. मी जरा चहा घेऊन येतो.”

मित्रांनो, त्या वेळी मी फार घाबरलो. खोट्या नावाने मी डेअरीत गेलो असतो. एखाद्या पहाटे माझा एकुलता सप्लाय जळाला असता, आणि ज्या आबांनी आयुष्यभर खोड आधी सांगितली, त्यांच्याच नावाला लोकांनी शिव्या घातल्या असत्या. मला हे सगळं माहीत होतं. पण आम्हाला तोंड नसतं.

गौतमी उठली. टेबलावरचा तो दुसरा सप्लाय तिने उचलला आणि माझ्यामागे आली. सप्लाय खाचेत घातला. त्याचा दिवा लागला नाही. काढला, फुंकर मारली, पुन्हा घातला. वायर बदलली. मग तोच सप्लाय तिने माझ्या पहिल्या खाचेत लावून पाहिला, आणि तिथे तो लगेच सुरू झाला. म्हणजे सप्लाय चांगला होता. माझी दुसरी खाचच मेलेली होती.

तिने कोरं लेबल घेतलं. पहिल्या ओळीत लिहिलं, “खोड : पॉवरची दुसरी खाच बंद. एकाच सप्लायवर चालतो.” त्याखाली माझं सगळं नाव लिहिलं. पिढी खरी लिहिली, रिकामे कप्पे वेगळे लिहिले. कुठेच काही गाळलं नाही.

विश्वजीत परत आला, वाचलं आणि डोक्याला हात लावला. “ताई, असं लिहून माल खपत नसतो हो.”

“नाही खपला तर इथंच राहील,” ती म्हणाली. “दुसरा माल न्यायचा तर न्या. पण आबांचं नाव नाही मिळणार.”

तो गेला. उन्हं कलली तेव्हा न्हावऱ्याच्या डेअरीचे सर्जेराव मामा आले. धोतर, टोपी, नाकाच्या टोकावर चष्मा. आबांबद्दल दोन शब्द बोलले आणि डोळे पुसले. मग लेबलावर वाकून त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली.

“एकाच सप्लायवर चालतो व्हय?”

“हो मामा. तुम्हाला नको असेल तर—”

“नको कशाला? सांगितलंस ते ब्येस केलंस. आता आमी त्याच्याजवळ जादा सप्लाय घिऊन ठिवू, आन् रातच्याला हिशेबाची एक नक्कल काढून ठिवू. न सांगता दिला असता आन् ऐन धारेच्या वक्ताला बंद पडला असता, तर दूध घालणाऱ्या बायांनी मलाच कॅनमधी बुडवला असता!” गौतमीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते हसू होतं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू एकटीच आलीस का पोरी? जावई न्हाई आलं?”

ती लेबलाचा कोपरा बोटाने दाबत राहिली. मामांनी तो प्रश्न सोडून दिला. “टेम्पो लांब लावलाय. मागं घिऊन येतो,” म्हणून ते बाहेर गेले.

मित्रांनो, आज मी न्हावऱ्याच्या डेअरीत आहे आणि रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचा हिशेब ठेवतो. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुनी वस्तू टाकू नका, पुसा, तपासा, तिला तिच्या खऱ्या नावाने ठेवा. आणि वस्तू असो वा माणूस, समोरचा दिवा हिरवा दिसला म्हणून निघून जाऊ नका. एकदा मागच्या बाजूने येऊन बघा. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ज्याला विचारलं जातं त्यानेही, माणूस समोर आहे तोवरच, सांगून टाकावं.

हे मी त्या संध्याकाळी शिकलो. बाहेर टेम्पो मागे येण्याचा आवाज येत होता. गाळ्यात गौतमी आणि मी, दोघंच होतो. ती आबांच्या रिकाम्या स्टुलासमोर उभी राहिली. तिने स्टुलावर हात ठेवला. मग बोलली.

“आबा, मी बरी नाहीये. दिवाळीनंतरच मी ते घर सोडलं. दौंडला खोली घेऊन एकटी राहते. मला इथं यायचं होतं, आबा. तुमच्याजवळ.”