वगाचा गोड शेवट

गवराबाई एका हातानं नऊवारीचा काष्टा खोचत कनातीच्या फटीतून बाहेर पाहत होती. चाकणच्या जत्रेतला हा खेळ दिवसाउजेडी होता, म्हणून पुढच्या खुर्च्यांवर चार बायकाही बसल्या होत्या. फडाचे मालक सोपानराव आत आले.

"गवरे, आज नदीत उडी घ्यायची न्हाई. पंच म्हणत्यात, देवाच्या जत्रंत मरण नगं. सायेब परत येतो, तू त्येला हार घालतीस. वग संपला."

"बरं."

एरवी ती भांडली असती. गोऱ्या साहेबावर जीव लावून फसलेल्या बाईचा तो वग, आणि मरणाआधीच्या गाण्याला भलेभले डोळे पुसत. पण आज तिला गोड शेवटच हवा होता. पिंपरीच्या निर्वासित छावणीतला सिंधी कापडवाला मेघराज दोन वर्षं तिच्याकडे येत होता. त्याची भाषा वेगळी, रीत वेगळी. तरी ‘जत्रा झाली की घर करू’ म्हणाला होता, आणि या वेडीनं ते खरं धरलं होतं.

कनात सरकली. मेंदीभरल्या हातांची एक कोवळी पोर साडी आणि खण-नारळ घेऊन आत आली. तिनं वाकून गवराबाईचे पाय धरले.

"मी मेघराजची बायको. ते बोलला, ताईचा आशीर्वाद घे. माझा मानलेला बहीण आहे."

गवराबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण पोरीचा काय दोष? तिनं साडी घेतली, पोरीला कुंकू लावलं.

"सुखी ऱ्हा, बाई."

वग रंगला. साहेब झालेला मालोजी टोपी काढून, मान पुढे करून उभा राहिला. गवराबाईनं हार उचलला आणि परत तबकात ठेवला. मग कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावून ती त्याला ओवाळू लागली.

"या, दादा," ती म्हणाली. "वयनी कुठाय?"

ढोलकी थांबली. लोक खदखदून हसले.

पुढच्या खुर्चीवरून ती नवी नवरी लगबगीनं उठली.

"मी इथे आहे, ताई!"

शेजारी बसलेला मेघराज खाली मान घालून तिचा पदर ओढत राहिला.