गोलफरक

माझ्या घराची मागची खोली फुटबॉल क्लबने तीन वर्षं भाड्याने घेतली होती. तिथे त्यांचा दुसरा गोलरक्षक राहायचा. दुसरा म्हणजे पहिल्याला काही झालं तर उतरायचा. पहिल्याला कधी काही व्हायचं नाही. साधी सर्दीसुद्धा नाही.

मी निवृत्त मुद्रितशोधक. पत्नी गेल्यापासून घरात बोलणं असं नव्हतंच, आणि हा भाडेकरूही अबोल. जेवण झालं की मी वर्तमानपत्रातला गुणतक्ता टेबलावर पसरायचो. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण तक्ता वाचता येतो. आमच्यात बोलायला तेवढाच विषय होता. कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्याला मुद्दाम विचारायचा, काल किती गोल खाल्ले? हा पाव घेता घेता सांगायचा, अजून एकही नाही.

त्या क्लबात एक रीत होती. शेवटच्या सामन्याआधीच संघ लीगमध्ये टिकणार हे ठरलं, तर तो सामना दुसऱ्या गोलरक्षकाला द्यायचे. पण आधीचे दोन्ही हंगाम शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला होता, त्यामुळे याला एक मिनिटही मिळालं नव्हतं. आता वय एकतीस, करार संपत आलेला. हाही सामना हुकला तर राष्ट्रीय लीगमध्ये तो कधी खेळलाच नाही, असंच म्हणावं लागणार होतं. वडिलांचं दूरच्या गावात केस कापायचं दुकान. त्यांना याने बजावून ठेवलं होतं, मी खेळेन तेव्हाच या. बाकावर बसलेला बघायला येऊ नका.

एक सामना उरला तेव्हा तळाच्या संघापेक्षा आमचे तीन गुण जास्त होते. तळाचा एकच संघ खालच्या श्रेणीत जाणार. आम्ही हरलो आणि ते जिंकले तरी गुण सारखे होणार, आणि गोलफरकात, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल यात, आम्ही नऊने पुढे. एका सामन्यात नऊ गोल कोण भरून काढतो? मी पेन्सिलीने तीनदा पडताळलं.

"वडिलांना बोलवा," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नसेल.

"नक्की ना, काका?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात मी."

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत गेलो, तरी आवाज येत होता. हो बाबा, मीच, असं तो दोन-तीनदा म्हणाला.

मंगळवारी वडील बसमध्ये बसले. दोन दिवसांचा प्रवास. बुधवारी सरावाहून तो परतला आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून बोलला. या लीगमध्ये गुण सारखे झाले तर आधी त्या दोन संघांचे आपसातले निकाल बघतात, गोलफरक नंतर. आणि त्यांच्याशी आम्ही दोन्ही सामने हरलो होतो. म्हणजे संघ अजून सुटला नव्हता. पहिलाच गोलरक्षक खेळणार होता.

हा नियम तक्त्याखाली बारीक टाइपात छापलेला होता. मी तो तेव्हा वाचला. असा बारीक टाइप वाचण्यावर माझं पोट चाललं होतं. तोच का सुटला, मला सांगता येणार नाही. कदाचित वाचायचाच नव्हता.

वडिलांना फोन करू या, मी सांगतो त्यांना, असं मी म्हणालो. तो नको म्हणाला. अर्ध्या वाटेवरून त्यांना परत कसं पाठवायचं? आणि कोचना तोही विचारू शकला असता. त्यानेही विचारलं नव्हतं. चूक कुणाची हे बाबांना कळायला नको, एवढं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

वडील गुरुवारी आले. बारीक, टापटीप माणूस. आल्या आल्या मुलाचे केस वाढलेत म्हणाले आणि त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. गळ्याभोवती चादर गुंडाळलेली असताना तो म्हणाला, "बाबा, मी बाकावर असेन."

कात्री थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"मान हलवू नकोस," वडील म्हणाले.

शनिवारी आम्ही दोघं मैदानावर शेजारी बसलो. कोच टकला निघाला. या माणसाशी आपलं कधी जमलं नसतं, असं वडील गंभीरपणे म्हणाले. पूर्वार्धात गोल झाला नाही. मध्यंतरात लोक चहाला उठले आणि राखीव खेळाडू पाय मोकळे करायला मैदानात उतरले. हा गोलमध्ये जाऊन उभा राहिला. वडील उठले, पायऱ्या उतरून गोलमागच्या कठड्याला टेकले. मी गेलो नाही. मला वरून त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

कुणीतरी गंमत म्हणून चेंडू मारला. याने अंग झोकून तो अडवला. बाकीचे हसले. तो उठला, कठड्याकडे न बघता पुन्हा जागेवर उभा राहिला आणि पुढच्या चेंडूवरही तसाच झेपावला. शिट्टी होईपर्यंत हे चाललं होतं.

वडील वर येऊन बसले. "डावीकडे उशिरा झेपावतो," म्हणाले. "लहानपणापासून." उत्तरार्ध सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "खेळायला मिळणार असं त्याला सांगितलं कुणी?"

मी शब्द दिला होता. तरी म्हणालो, "मी. माझं गणित चुकलं."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते मैदानाकडेच बघत होते. "म्हणजे तुमच्याशी बोलायचा तर," ते म्हणाले. "आमच्याशी फोनवर दोन मिनिटं. बरा आहे, जेवलो, संपलं."

रोज बोलायचा, जेवणानंतर, असं मी सांगितलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

सामना शून्य-शून्य सुटला आणि आमचा संघ वाचला. लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात शिरले. पहिल्या गोलरक्षकाला खांद्यावर घेतलं. आमचा बाकापाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता, हातमोजे घातलेलेच होते. वडील उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. हात वर करून हाक मारावी, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी मारली नाही, आणि मला माझा आवाज तिथवर पोचेल असं वाटलं नाही.

खोली महिनाअखेरपर्यंत त्याचीच होती. ते दोघं दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले.