पिवळाच राहिलेला उंबरा

मार्गळी महिन्यात पहाटे उठावं, सडा घालावा, दारापुढे रांगोळीचा कोलम काढावा आणि शेजारणीच्या कोलमला मनातल्या मनात नावं ठेवून आत जावं, ही मेट्टू आळीतल्या बायकांची जुनी रीत. यंदा मात्र कोलम झाले तरी एकही बाई आत जाईना. डोक्यावर पदर घेऊन सगळ्या आपापल्या दारात उकिडव्या बसल्या होत्या आणि नाक फोनला टेकलेलं होतं. आज दाणे कोण टाकणार, ते कोंबड्यांनाही कळेना.

फोनमध्ये कुंकुम अम्मा होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पितळी तांब्या, पुढ्यात हळदीने काढलेलं मोठं कमळ. आंब्याच्या पानाने तांब्यातलं पाणी शिंपडत ती मधाळ आवाजात सांगत होती, "लेकरांनो, हळद म्हणजे काय? मनातला संशय. कुंकू म्हणजे काय? निर्मळ मन. ज्या घरच्या लेकीसुना निर्मळ, त्यांच्या दारी हळदीचं कुंकू होतं. मी करणारी कोण? मी नुसती पोस्टमन."

थेंब पडला तिथे पिवळी पाकळी लाल झाली. मग दुसरी, मग तिसरी. बघता बघता अख्खं कमळ रक्तासारखं लालबुंद. पडद्यावर खालून वर पसंतीचे बदाम उडू लागले आणि मेट्टू आळीतल्या बारा अंगठ्यांनी त्यात बारा बदामांची भर घातली.

या पोस्टमनबाईचा नियम साधा होता. तिच्याकडून पाण्याची बाटली मागवायची, आपल्या दारच्या हळदीच्या कोलमवर शिंपडायची, लाल झाला की व्हिडिओ टाकायचा. बदाम भरपूर पडले की दुसऱ्या दिवशी अम्मा आपल्या तोंडाने त्या घराचं नाव घ्यायची.

आळीत घरं बारा. आठवड्याभरात अकरांची नावं अम्माच्या तोंडून निघाली. बारावं घर म्हाताऱ्या वळ्ळियम्मै आच्चीचं. तिथे सून पेच्चीने चार पहाटा पाणी शिंपडलं. हळद भिजली, पसरली, ओघळून गटारात गेली, पण लाल काही झाली नाही.

"तुझ्या बाटलीचं बूच सैल असेल गं," समोरची कोमती म्हणाली. तोंडाने बूच म्हणाली, डोळ्यांनी दुसरंच.

बूच-बाटलीवर भागलं असतं तर आच्चीने पान थुंकून विषय संपवला असता. पण घरात लग्नाची नात होती. याळिनीचं जमलेलं होतं. मार्गळीत शुभकार्य नाही म्हणून पुढच्या तै महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी साखरपुड्याचे विडे घ्यायचे ठरले होते. मुलगा याळिनीला आवडला होता, आणि तिच्याशी बोलताना तो तीनदा चहा सांडतो हे आच्चीनेही पाहून ठेवलं होतं. आता मुलाच्या आईचा, शेनबगवल्लीचा फोन आला.

"आमच्या गावात सगळ्यांनी तुमच्या आळीचे व्हिडिओ पाहिलेत. अकरा उंबरे लाल, एक पिवळा. मी काही मानत नाही हं. पण लोक विचारतात, मी काय सांगू? एकदा तुमचा उंबरा लाल होऊ द्या, मग शुक्रवारचं बघू."

मी मानत नाही पण लोक विचारतात. एवढ्या एका वाक्यावर जगातली निम्मी मूर्खपणाची कामं पार पडतात.

याळिनीने फोन ठेवला आणि आच्चीजवळ ओट्यावर येऊन बसली. "आच्ची, माझ्या मनात खरंच काही वाईट असेल का गं?"

"आहे ना. परवा माझी सुपारी चोरून खाल्लीस. त्याने हळद पिवळी राहत नसते."

नात हसली नाही. आच्चीच्या तोंडातला विडा तिथेच थांबला. आच्ची तिसरीपर्यंत शिकलेली, त्यातलं दीड वर्ष मास्तरांची गुरं राखण्यात गेलेलं. पण जवान मुलगी हसत नाही म्हणजे घरात काहीतरी शिरलंय, हे कळायला चौथी लागत नाही.

दुसऱ्या पहाटे आच्ची नेहमीपेक्षा लवकर उठली. दार उघडं होतं आणि पेच्ची उंबऱ्यापाशी पाठमोरी बसली होती. मांडीवर देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी.

"काय चाललंय?"

पेच्ची दचकली. "अत्तै, फक्त एकदा. व्हिडिओपुरतं. आधी पिवळं दाखवायचं, मधे फुलं उडतात ते लावायचं, मग लाल. कोणाला कळतंय? पोरीचं लग्न होऊन जाईल."

"उठ. माझ्या उंबऱ्याला खोटं कुंकू लागणार नाही."

"तुम्हाला ताठा प्यारा की नात?"

"दोन्ही. आण ती डबी इकडे."

आच्चीने डबी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. पेच्ची ही भित्री बाई. दुधात पाणी घालायचं तरी आधी चारदा मागे वळून बघणारी. तिला जर हे सुचलं, तर बाकीच्या अकराजणींना काय सुचलं नसेल?

आच्ची काठी टेकत तडक वडिवूच्या घरी गेली. वडिवू म्हणजे आळीतली पहिली लाल उंबऱ्यावाली. तिच्या कोलमवर मुंग्यांची रांग लागलेली.

"वडिवू, तुझ्या कुंकवाला मुंग्या बऱ्या लागतात गं. देवीचं कुंकू गोड असतं वाटतं."

"अम्माची कृपा, आच्ची."

"अम्माची कृपा की बीटाचा रस?"

वडिवूने दार लोटून घेतलं. मग पदराचं टोक चावत हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नका. माझं एकटीचंच झालं नाही हो. अम्माच्या पडद्यावर एवढं लाल, आणि माझ्या दारी नाही, तर नवरा काय म्हणेल, जावा काय म्हणतील? पण माझ्यानंतर कोमतीचं बघा. तिचं अगदी खरं झालं."

आच्ची कोमतीकडे गेली. कोमतीने आधी देवाची शपथ घेतली, मग सासूची घेतली, आणि सासू आतून खोकल्यावर गेरू कालवल्याचं कबूल केलं. "पण वडिवूचं खरं हं, आच्ची. तिचं खरं झालं म्हणून तर मला करावं लागलं."

बाकीच्या नऊ घरांतही तेच. कोणी कुंकू, कोणी गेरू, एकीने तर पोरीच्या नखांचा रंग. आणि जिला विचारावं तिने एवढंच सांगावं, माझंच तेवढं खोटं, बाकी दहाजणींचं खरं. अकराजणी अकराजणींना फसवत होत्या, वर प्रत्येकीला वाटत होतं, चोर आपण एकटीच. यात अम्माला काही करावंच लागलं नव्हतं. सगळा चमत्कार आळीनेच घरच्या घरी करून तिला बांधून दिला होता.

पण अम्माच्या पडद्यावरचं कमळ? ते फुलं उडवून लाल झालं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

घरी येऊन आच्चीने अम्माच्या बाटलीतलं पाणी जिभेवर टाकलं. साधं नदीचं पाणी, तेही शिळं. ती विडा लावायला बसली. पानाला चुना लावला, आणि सवयीने बोट पुसायला फडकं शोधू लागली. फडकं मिळेना, म्हणून पेच्चीने काल हळद कुटली होती त्या उखळाच्या काठाला बोट पुसलं.

बोट पुसलं तिथे लाल ओरखडा उठला.

आच्ची त्या ओरखड्याकडे बघत राहिली, मग एकटीच इतकी हसली की याळिनी आतून धावत आली.

"आच्ची, ठसका लागला का?"

"लागला. साठ वर्षांनी लागला. याळिनी, बाजारात जा. त्या रंगवाल्याकडून कोलमचा पिवळा रंग आण, दगडाच्या भुकटीचा. अगदी हळदीसारखा दिसला पाहिजे. आणि त्या अम्माला फोन लाव. म्हणावं, बारावा उंबरा तुझी वाट बघतोय."

अम्मा आली. पडद्यावरून नाही, स्वतः. मार्गळीच्या शेवटच्या दिवशी, उन्हं चांगली वर आल्यावर, दोन गाड्या, चार फोन, एक छत्रीवाला. न वाकणारा उंबरा वाकवला की केवढे बदाम पडतील, हे तिला बरोबर कळत होतं. अख्खी आळी ओट्यांवर चढली. शेनबगवल्लीही मुलाला घेऊन आली होती, कारण लोक विचारणार होते.

याळिनीने दारापुढे पिवळं कमळ काढलेलं होतं. हळद आहे का, हे कोणी विचारलं नाही आणि आच्चीने सांगितलं नाही.

अम्माने फोनकडे तोंड केलं. "लेकरांनो, आज एका कठोर घरी आलेय. दगडालाही पाझर फुटतो, मग हळदीला का नाही फुटणार?" तिने तांब्यात पान बुडवलं आणि शिंपडलं.

पिवळं.

तिने पुन्हा शिंपडलं. मग पान बाजूला ठेवून तांब्याच तिरका केला. कमळ भिजलं, चकाकलं, आणि पिवळंच राहिलं. चारही फोनवाले एकमेकांकडे बघू लागले.

अम्मा क्षणभरच चाचरली. मग डोळे मिटून म्हणाली, "बघा. या उंबऱ्यात पाप किती खोल आहे बघा. मी हरले, लेकरांनो. या घरासाठी रडा."

शेनबगवल्लीने मुलाचा दंड धरला. याळिनी भिंतीला टेकली होती. आच्ची मात्र ओट्यावरून सावकाश उतरली.

"रडू सावकाश. आधी जरा थांबा." तिने कनवटीची पुडी सोडली आणि अम्माच्या पाण्याने भिजलेल्या त्याच जागेवर चिमूटभर हळद टाकली. जमिनीला लागताच हळद लाल झाली. आणखी एक चिमूट, तीही लाल. आच्चीने पुडी सगळ्यांना दाखवली. "ही आमच्या उखळातली हळद. आणि ते कमळ रंगाच्या भुकटीचं, बाजारातल्या. रंगाला काय पडलंय तुमच्या चुन्याचं? की एवढ्यात या घराचं पाप फिटलं, अम्मा? शिंक यायलासुद्धा याहून वेळ लागतो."

"चुना कसला? हे तीर्थ आहे."

"तीर्थ आहे ना, मग घ्या एक घोट. आमच्यादेखत."

अम्माने तांब्या पदराखाली घेतला.

"पीत नाही? मी सांगते का ते. चुन्याची निवळी आहे ती, तोंड पोळेल. मी रोज चुना खाते, मला वास कळतो." आच्ची आळीकडे वळली. "आणि तुम्ही गं. जावई दारात आला की तुम्हीच ना ताटात हळद नि चुना कालवून लाल पाणी करता? त्याने ओवाळता, ते रस्त्यावर ओतता, वर्षातून दहा वेळा. हाताने करता तेव्हा आरती, आणि फोनमध्ये दिसलं की चमत्कार? घरचंच ताट ओळखू आलं नाही तुम्हाला."

अशा वेळी कोणीतरी एकाने तोंड उघडावं लागतं, आणि ते सगळ्यात अवघड असतं. आच्चीने वडिवूकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

वडिवूच पुढे आली. "माझं बीट होतं," ती म्हणाली. मान खाली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बीट?" कोमती किंचाळली. "मेले, मग मी गेरू कशासाठी उगाळला?"

"तू गेरू उगाळलास? मी तर तुझं बघून अख्खी कुंकवाची डबी संपवली."

मग एकीमागून एक. नखांच्या रंगाची पाळी आली तेव्हा तर आळी ओट्यांवरून पडायच्या बेताला आली. अम्माच्या गाड्या कधी निघून गेल्या हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. छत्री मात्र राहिली. ती अजून कोमतीकडे आहे.

याळिनी शेनबगवल्लीसमोर जाऊन उभी राहिली. "मामी, आमचा उंबरा लाल झाला नाही. होणारही नाही. शुक्रवारी यायचं की नाही, ते लोकांना नका विचारू. मला विचारा, नाहीतर यांना."

मुलाने आईच्या हातातून दंड सोडवून घेतला. "मी येणारच आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि आई, सांगून टाक. आपल्या दारीसुद्धा तू अळताच लावला होतास."

शेनबगवल्लीने छातीवर हात ठेवला. मग हळूच ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आच्ची, एक विडा द्या. घसा सुकलाय."

"चुना जरा कमी घालते," आच्ची म्हणाली.

शुक्रवारी पाहुणे आले. दारापुढे तांदळाच्या पिठाचा पांढरा कोलम होता आणि त्यावर मुंग्या जेवत होत्या. पेच्चीने सगळ्यांसमोर ताटात पाणी घेतलं, हळद टाकली, बोटभर चुना कालवला. पिवळं पाणी लाल झालं. अकरा शेजारणी बघत होत्या आणि एकीनेही फोन काढला नाही. ओवाळून झालं, पेच्चीने पाणी रस्त्यावर ओतलं आणि पाहुणे आत आले.

एवढीच गोष्ट. आपल्या डोळ्यांनी बघावं, बोटाने चाचपावं, जिभेला लावण्यासारखं असेल तर लावून बघावं. आणि सगळ्या जगाच्या दारी झालं नि आपल्याच दारी झालं नाही, तर घाबरून डबी शोधू नये. मोठ्याने म्हणावं, माझं झालं नाही. बहुतेक वेळा शेजारीण त्याचीच वाट बघत असते.